उतरवून घेणे : पत्र, फाइल आणि विश्वासाचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस ई-मेल कसा पाठवायचा आणि फाइल कशी डाउनलोड करायची यावर काय बोलणार? बटण कुठलं दाबायचं ते नातवंडं दहा मिनिटांत दाखवतात. मात्र त्या दहा मिनिटांत ‘असंच का?’ या प्रश्नाला जागा नसते. आपण विचारलं तर उत्तर येतं, ‘आजोबा, ते तसंच असतं.’ आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला ‘ते तसंच असतं’ हे उत्तर पचत नाही. गोष्टी तशाच नसतात. त्या कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने तशा केलेल्या असतात. ते कारण कळलं की बटणं लक्षात ठेवायला सोपी जातात, आणि फसवणूक ओळखायलाही. म्हणून आज इतिहास सांगणार आहे.

इंटरनेटवर नवशिका माणूस प्रामुख्याने दोन क्रिया करतो, पाठवणे आणि उतरवून घेणे. डाउनलोडला मराठीत ‘उतरवून घेणे’ म्हणतात ते मला फार आवडतं, कारण हा शब्दप्रयोग संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. पूर्वी कुणाकडे चांगली पोथी असली की लोक ती ‘उतरवून घेत’. मूळ पोथी मालकाच्या घरीच राहायची, आपल्याकडे यायची ती नक्कल. डाउनलोडमध्ये नेमकं हेच होतं. दूरच्या संगणकावरची फाइल तिथून हलत नाही, तिची प्रत आपल्या यंत्रात तयार होते. ‘मी उतरवून घेतली तर तिथली संपेल का?’ असा प्रश्न मला एका ज्येष्ठ बाईंनी विचारला होता. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर एवढंच की पोथी संपत नाही.

आता मुळापासून सुरुवात करू.

२९ ऑक्टोबर १९६९. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात रात्री साडेदहाच्या सुमारास चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी एका संगणकासमोर बसला होता. सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दुसरा संगणक होता. त्याच्याशी जोडणी करण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द अक्षराअक्षराने पाठवायचा होता. एल पोहोचलं, ओ पोहोचलं, आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. म्हणजे या जाळ्यावरून गेलेला पहिला मजकूर दोनच अक्षरांचा, ‘लो’. तासाभराने दुरुस्ती झाली आणि पूर्ण शब्द गेला. हे जाळं म्हणजे आर्पानेट, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने पैसा पुरवलेलं. तेव्हा आपला फोन अडकला, पान उघडलं नाही, तर ओशाळायचं कारण नाही. या विद्येचा श्रीगणेशाच अर्ध्या शब्दावर अडकलेला आहे.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या तऱ्हेचे संगणक एकमेकांशी बोलणार कसे? त्यासाठी नियम हवेत. हे नियम लिहायची जबाबदारी ज्यांच्यावर आली ते बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी होते. अधिकार कुणाकडेच नव्हता. स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने पहिलं टिपण एप्रिल १९६९ मध्ये लिहिलं. घरातल्या मित्रांची झोपमोड नको म्हणून रात्री न्हाणीघरात बसून त्याने ते लिहिलं होतं. त्याला नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायासाठी विनंती’. नियम, आदेश, फर्मान असे शब्द टाळून विनंती हा शब्द वापरला. आजही इंटरनेटचे मूलभूत नियम याच नावाने निघतात, क्रमांक हजारोंच्या घरात गेला आहे आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. आपल्याकडे वादाची जी परंपरा आहे, पूर्वपक्ष मांडायचा, आक्षेप मागवायचे, मग सिद्धान्त ठरवायचा, तिच्याशी हे जुळणारं आहे. नियम वरून लादलेला नव्हता, सर्वांनी मान्य केला म्हणून तो नियम झाला. ‘प्रोटोकॉल’ या भारदस्त शब्दाचा साधा अर्थ असा, आपसात ठरलेली रीत.

आता १९७१ सालाकडे या. आपल्या दोन्ही क्रिया याच वर्षातल्या.

उतरवून घेण्याची रीत पहिल्यांदा लिहून काढली ती अभय भूषण यांनी. अलाहाबादला जन्मलेले, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ मध्ये बाहेर पडलेले, आणि त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये असलेले. त्यांच्या टिपणाचा क्रमांक ११४ आणि तारीख १६ एप्रिल १९७१. ही तारीख आपल्याला ओळखीची वाटायला हवी. १६ एप्रिलला, १८५३ साली, बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली होती. योगायोगच, दुसरं काही नाही. पण लक्षात ठेवायला बरा आहे. भूषण यांच्या रीतीचं नाव ‘फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’, एफटीपी. पलीकडच्या संगणकाला आपली ओळख सांगायची, फाइल मागायची, त्याने द्यायची, पोहोच द्यायची. पुढे यात एक सुंदर शिष्टाचार रूढ झाला. सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या फाइली घ्यायच्या असतील तर नावाच्या जागी ‘अनामिक’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहायचा, आणि पासवर्डच्या जागी सौजन्य म्हणून आपला ई-मेल पत्ता. खरा पत्ता लिहिला की खोटा, हे सहसा कुणी तपासत नसे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन हे अभियंते काम करत होते. तोवर एकाच संगणकावर काम करणारे लोक एकमेकांसाठी निरोप ठेवू शकत, एका कार्यालयातल्या टेबलांवर चिठ्ठ्या ठेवाव्यात तसे. टॉमलिन्सन यांनी निरोप ठेवण्याचा कार्यक्रम आणि फाइल दुसऱ्या यंत्रावर नेणारा कार्यक्रम एकत्र जोडले. एकाच खोलीत शेजारी-शेजारी ठेवलेले दोन संगणक होते, पण त्यांच्यातला संबंध आर्पानेटमधूनच होता. एकावरून पाठवलेला निरोप दुसऱ्यावर उमटला. काय लिहिलं होतं? ते त्यांना स्वतःलाही पुढे आठवेना, कळफलकावरची ओळीने येणारी अक्षरं असावीत, असं ते सांगत. ज्या शोधाने जग बदललं त्याचा पहिला मजकूर निरर्थक होता.

आता माणूस कुठला आणि यंत्र कुठलं, हे पत्त्यात वेगळं कसं दाखवायचं? कुणाच्याही नावात येत नाही असं चिन्ह हवं होतं. त्यांनी कळफलकावरचं ‘@’ निवडलं. अमुक माणूस, तमुक ठिकाणी. हे चिन्ह मूळचं हिशेबाचं, ‘दर’ दाखवणारं. बारा डझन, अमुक दराने. गंमत अशी की इंग्रज किंवा अमेरिकन माणूस पत्ता सांगताना नुसतं ‘ॲट’ म्हणतो, आणि आपण आजही ‘ॲट द रेट’ म्हणतो. म्हणजे टॉमलिन्सननी चिन्हाचा अर्थ बदलला, तरी आपल्या तोंडी दुकानदाराच्या बिलातला जुना अर्थ टिकून राहिला! कुणी हसलं तर हसू द्या. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, आणि भारतात हा वापर आता रूढ आहे.

सुरुवातीला पत्र पाठवायला वेगळी रीत नव्हती, भूषण यांच्या एफटीपीमध्येच पत्राच्या आज्ञा जोडून घेतल्या होत्या. म्हणजे पत्र हा फाइलचाच एक प्रकार होता. ई-मेलच्या पडद्यावर आज जे शब्द दिसतात ते मात्र कचेरीतून आलेत. इनबॉक्स आणि आउटबॉक्स म्हणजे टेबलावरचे दोन ट्रे. ज्यांनी सरकारी कचेरीत किंवा शाळेच्या कार्यालयात काम केलंय त्यांना आवक-जावक नोंदवही माहीत आहे, बारनिशी माहीत आहे. इनबॉक्स म्हणजे आवक, ‘सेंट’ म्हणजे जावक. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मध्ये निळाकाळा कार्बन घालून काढलेली प्रत. आपल्या पत्राखाली ‘प्रत माहितीसाठी’ लिहायचो ना, तेच. आणि ‘बीसीसी’ म्हणजे अशी प्रत की जी कुणाला दिली ते इतरांना कळत नाही. पन्नास जणांना आमंत्रण पाठवताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसू नयेत, म्हणून ते बीसीसीमध्ये घालावेत. ही साधी सभ्यता आहे, आणि सुरक्षितताही.

आता फाइल जाते कशी, ते पाहू. इथे पुन्हा पोथी मदतीला येते. पोथीची पानं शिवलेली नसतात, सुटी असतात आणि प्रत्येकावर अंक असतो. समजा शंभर पानांची पोथी पंढरपूरहून नाशिकला पाठवायची आहे आणि पानं वेगवेगळ्या एसटी गाड्यांतून निघाली. काही नगरमार्गे, काही पुणेमार्गे. कोण आधी पोहोचेल सांगता येत नाही. पण अंक असल्यामुळे नाशिकचा माणूस ती क्रमाने लावतो, आणि त्रेचाळिसावं पान आलं नाही तर तेवढंच पुन्हा मागवतो. इंटरनेटवर फाइलची अशीच लहान पाकिटं होतात. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. पाकिटं लावण्याची आणि हरवलेली मागवण्याची आज चालते ती रीत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटने ती स्वीकारली. डाउनलोड होताना ती पट्टी हळूहळू भरते, मध्येच थबकते, पुन्हा सरकते, तेव्हा पानं येत असतात असं समजा. पट्टी पूर्ण होण्याआधी फाइल उघडायची घाई करू नका. अर्धी पोथी वाचता येत नाही.

नक्कल करताना चुका होतात, हे पोथ्यांच्या जगात सर्वांना ठाऊक होतं. जसं समोर दिसलं तसं उतरवलं, चूक असेल तर दोष मला देऊ नका, अशा अर्थाची विनवणी लेखनिक शेवटी लिहून ठेवत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले होते की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. संगणकाच्या रीतीत प्रत्येक पाकिटाबरोबर एक बेरीज जाते. पलीकडचं यंत्र मिळालेल्या मजकुरावरून पुन्हा बेरीज करतं, जुळली नाही तर ते पाकीट टाकून देतं आणि नवीन मागवलं जातं. वाण्याच्या वहीतला ताळाच हा. त्यामुळे हजारो मैलांवरून उतरवलेली फाइल जवळजवळ नेहमी मुळाबरहुकूम येते.

पण थांबा. बेरीज जुळली याचा अर्थ काय? पाठवलेलं जसंच्या तसं आलं, एवढाच. पाठवणारा खरा आहे की खोटा, मजकूर सत्य आहे की असत्य, याबद्दल बेरीज काही सांगत नाही. खोटं बोलणाऱ्याचा शब्दही अचूक पोहोचू शकतो. आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं शब्दप्रमाण म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान. आपलं बहुतेक ज्ञान याच प्रकारचं असतं. पण नैयायिक अट घालतात, सांगणारा ‘आप्त’ हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला विषय ठाऊक आहे आणि ज्याला खरं सांगायची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे मजकूर तपासण्याआधी बोलणारा कोण, हे तपासावं लागतं. ई-मेल उघडल्यावर आपण नेमक्या याच प्रश्नापुढे उभे असतो.

आणि ई-मेलच्या रीतीत या प्रश्नाचं उत्तर मुळात नव्हतंच. पत्र पाठवण्याची आजची मूळ रीत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिली, क्रमांक ८२१. तिच्यात पाठवणारा स्वतःचं नाव सांगतो आणि पलीकडचं यंत्र ते मान्य करतं. आपण पोस्टकार्डावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहिलं तरी पोस्टमन कार्ड टाकतोच ना, तसंच. हा निष्काळजीपणा नव्हता. जाळ्यावर होते ते विद्यापीठांतले, प्रयोगशाळांतले थोडे लोक, बरेचसे एकमेकांना ओळखणारे. पोस्टेल यांचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार असावं. संगणकाच्या नियमांत असं नीतिवचन सापडेल असं वाटत नाही, पण सापडतं. गावात दाराला कडी लावत नसत, तसा तो काळ.

कडीची गरज लागेल, ही सूचना लवकरच मिळाली होती. मे १९७८ मध्ये डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात आर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. पुष्कळ जण संतापले. न मागता आलेली ही पहिली घाऊक जाहिरात मानली जाते, आज आपण ‘स्पॅम’ म्हणतो ती. तेव्हा चारशेंना त्रास झाला. आज तुमच्या स्पॅमच्या कप्प्यात डोकावून पाहा.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने, ‘एर्नेट’ हे शैक्षणिक जाळं सुरू केलं. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी त्यात होतं. या मुंबईच्या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा त्यात मोठा वाटा. देशातली सुरुवातीची ई-मेल १९८७ च्या सुमारास गेली ती जुहूचं हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात. एकाच शहरातली दोन ठिकाणं. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. मोडेमचा तो किर्र आवाज, फोन एंगेज लागतो म्हणून घरच्यांची कुरकुर, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. स्वस्त खात्यावर चित्रं दिसतच नसत, नुसता मजकूर.

पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, चंडीगडला जन्मलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. त्याने काय बदललं? तोवर पत्र एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या यंत्राशी बांधलेलं असे. नोकरी सुटली की पत्ता गेला. आता कुठल्याही सायबर कॅफेत बसून, एक पैसा न देता, आपला पत्ता वापरता येऊ लागला. मुलं अमेरिकेत आणि आईवडील सांगली-साताऱ्यात, अशा घरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पण याचा दुसरा अर्थही पाहा. पूर्वी पत्त्यातल्या ‘ॲट’च्या पुढे विद्यापीठाचं नाव असे, त्यावरून माणसाची थोडी ओळख पटे. आता कुणालाही, कुठल्याही नावाने, पाच मिनिटांत पत्ता मिळतो. जाळं सर्वांसाठी खुलं झालं आणि ओळख पातळ झाली. या दोन गोष्टी एकत्रच घडल्या. पहिली हवी असेल तर दुसरीची तयारी ठेवावी लागते.

मराठीचं काय झालं? संगणकाची रूढ लिपी आस्की, १२८ संकेतांची, इंग्रजीपुरती. देवनागरीला तिच्यात जागाच नाही. मग युक्ती निघाली. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची चित्रं बसवलेले फॉन्ट आले. ज्याच्याकडे तोच फॉन्ट आहे त्याला मराठी दिसे, बाकीच्यांना इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मराठी पान वाचायचं तर आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा! आणि मराठीत पत्र लिहायचं तर बहुतेक जण रोमन अक्षरांत लिहीत. आईला लिहिलेलं पत्र परक्या लिपीत, अशी ती अवस्था. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांवर मोठं काम केलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलं, आणि त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ आलं. त्यातली देवनागरीची मांडणी भारतीय मानकाच्या आधीच्या आवृत्तीवरूनच घेतली होती. युनिकोडमध्ये ‘म’ म्हणजे ‘म’च, फॉन्ट कुठलाही असो. प्रत्यक्षात घरोघरी ते पोहोचायला मात्र पुढचं दशक उजाडलं. मघापासून आपण ज्या ‘ॲट’बद्दल बोलतोय त्यातलं ‘ॲ’ हे मराठी अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली. आज अनेक ठिकाणी ते नीट उमटत नाही, त्याचं एक कारण हेही.

एक साधा हिशेब सांगतो. ‘मराठी’ या शब्दाचे संकेत पाच, म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. प्रचलित पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा. हाच शब्द रोमनमध्ये सात अक्षरांत, सात बाइटांत बसतो. आपली लिपी थोडी जास्त जागा घेते, पण आज जागेची टंचाई नाही. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालं तेव्हा एक गिगाबाइट जागा फुकट देऊ केली होती, लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. तेव्हा संकोच न करता मराठीत लिहा. बोलूनही लिहिता येतं आता.

पत्राला फाइल जोडायची सोय, म्हणजे अटॅचमेंट, सर्वमान्य रीत म्हणून आली १९९२ मध्ये. नॅथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी ती लिहिली. मूळ पत्रयंत्रणा फक्त साधी अक्षरं वाहायची, म्हणून छायाचित्राचंही अक्षरांत रूपांतर करून पाठवायचं असा मार्ग त्यांनी काढला. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे जोडलेली फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते. जीमेलवर २५ मेगाबाइटची मर्यादा सांगितलेली असताना बावीस-तेवीसची फाइल का अडते, याचं कोडं इथे सुटतं.

या जोडपत्राने सोय झाली तसा धोकाही आणला. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून एक ई-मेल जगभर पसरली. विषय होता ‘आय लव्ह यू’, आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. ती ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावरून यायची, कारण उघडणाऱ्याच्या यादीतल्या सगळ्यांना ती आपोआप पुढे जात असे. लाखो संगणकांना बाधा झाली, ब्रिटिश संसदेला आपली ई-मेल बंद ठेवावी लागली. यातली मेख अशी की फाइलच्या नावाला दोन शेपट्या होत्या. आधी ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर, आणि नंतर ‘व्हीबीएस’, म्हणजे संगणकाला हुकूम देणारा कार्यक्रम. विंडोज शेवटची शेपटी लपवत असे, म्हणून लोकांना फक्त मजकूर दिसला. वेदान्तात नाम आणि रूप यांची चर्चा असते. इथे नाम प्रेमपत्राचं, रूप घरफोड्याचं.

पंचवीस वर्षं झाली, युक्ती तीच आहे. आता व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते आणि फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असतं. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, फोनमध्ये बसणारं ॲप. लग्नपत्रिका वाचायची वस्तू आहे, ती चित्र असेल किंवा पीडीएफ असेल. तिला तुमच्या फोनमध्ये बिऱ्हाड थाटायची गरज काय? फाइल उतरवण्याआधी नावाच्या शेवटची तीन-चार अक्षरं वाचायची, ही एक सवय लावून घ्या.

दुसरी सवय, पत्ता उजवीकडून वाचायचा. पत्रात वर ठळक दिसतं ते नाव कुणीही काहीही लिहू शकतं, ते आपण पाहिलंच. ‘ॲट’च्या पुढचा भाग पाहा, आणि त्यातही शेवटचा. ते आडनाव. सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे राखीव आडनाव ठरवून दिलं, ते याच कारणासाठी. मधे बँकेचं नाव आणि शेवटी भलतंच काही असेल, तर ते आडनाव परकं आहे असं समजा.

तिसरी गोष्ट कुलपाची. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं, निदान परवापर्यंत दिसायचं. त्याचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. चोराशीही बंद खोलीत खाजगी बोलता येतं.

आणि चौथी, फोनवर येणारा ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कुणालाही सांगायचा नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो. एवढं एक वाक्य पाठ केलं तरी पुष्कळ बचाव होतो. तरीही फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. फसणारा मूर्ख नसतो. ओळखीच्या लोकांसाठी बांधलेल्या घरात तो अनोळखी गर्दीत राहतो आहे.

शेवटचा मुद्दा. हे सगळं आपण का शिकायचं? मुलगा आहे, सून आहे, कोपऱ्यावरचा मोबाइलवाला आहे, ते करून देतात. देतात हे खरं. पण पूर्वीची एक गोष्ट आठवा. लिहिता-वाचता न येणारी माणसं आलेलं पत्र गुरुजींकडे किंवा पोस्टमनकडे नेऊन वाचून घेत. वाचणारा भला असला तरी घरातलं सगळं त्याला कळायचं, आणि नवऱ्याला लिहायचा मजकूर बायकोला त्याच्या देखत सांगावा लागायचा. काय लिहायचं नाही, हे त्यामुळेच ठरायचं. वाचणारा भला नसला तर काय होतं ते महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखवलं आहे. कागद दुसऱ्याच्या ताब्यात गेला की जमीनही जाते. ज्याला अक्षर कळत नाही त्याच्या वतीने दुसरा कुणीतरी अंगठा उमटवून घेतो.

आज आपण आपला पासवर्ड वहीत लिहून वही दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा तो अंगठाच असतो. पेन्शनची चौकशी, बँकेचा उतारा, डॉक्टरांचा अहवाल, जुन्या मित्राला लिहिलेलं पत्र, या आपल्या खाजगी गोष्टी आहेत. त्या स्वतः उघडता येणं ही हौस नाही, हे आपलं स्वातंत्र्य आहे. मुलांकडून मदत जरूर घ्या, पण ‘करून दे’ म्हणण्याऐवजी ‘शिकव’ म्हणा. दोन वेळा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. मूळच्या मंडळींनीही नियमांना आदेश म्हटलं नाही, विनंती म्हटलं, आणि शिकत शिकत हे जाळं विणलं.

आज घरी गेल्यावर एक काम करा. कुणातरी मित्राला चार ओळींचं मराठी पत्र स्वतः लिहून पाठवा आणि मराठी विश्वकोशातली एखादी नोंद उघडून वाचा. तत्त्वज्ञानाची वाचलीत तर मला विशेष आनंद होईल. आता माझं बोलणं थांबवतो. फोन हातात घेऊनच प्रश्न विचारा, म्हणजे उत्तर देताना दाखवताही येईल.